अंगुरीबाईंची हद्द

अंगुरीबाईंनी एखादी गोष्ट सोडली म्हणजे ती सुटली. लग्न होऊन केनवडहून वाशीमला आल्या त्या चौमाशात त्यांनी गूळ सोडला, अंकितच्या वेळी दिवस राहिले तेव्हा चहा सोडला, आणि पुढं कधीतरी, कशासाठी ते आता त्यांनाही आठवत नव्हतं, हिरवी मिरची सोडली. प्रत्येक वेळी मनात काहीतरी मागून सोडलेलं. त्यांचे यजमान शांतीलाल शेठ कापडाच्या दुकानात गिऱ्हाइकांसमोर म्हणायचे, "हिनं अजून मले सोडलं नाही, तेवढं माहं नशीब." आत पोळ्या लाटता लाटता अंगुरीबाई ऐकायच्या आणि हसायच्या. मग शेठच त्यांना सोडून गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत.

काही मागून व्रत करू नये, धर्मात सौदा नसतो, हे जैन स्थानकात साध्वींच्या व्याख्यानात त्यांनी शंभरदा ऐकलं होतं. ऐकून घरी यायच्या आणि गुपचूप मागून घ्यायच्या. यात त्यांना दोष द्यायचा तर जगातल्या झाडून सगळ्या आयांना द्यावा लागेल, आणि मी काही त्या फंदात पडणार नाही.

शेठ गेल्यावर एकुलता एक अंकित त्यांना पुण्याला घेऊन गेला. तो तिथं संगणकाच्या कंपनीत होता. सून नीलम अकोल्याची, स्वभावानं शांत. पण अंगुरीबाईंचं तिथं मन रमेना. स्थानक लांब, शेजारची दारं कायम लावलेली. पंधरवड्यात त्या परत वाशीमला, बाजारातल्या आपल्या घरी. दुकान भाड्यानं देऊन टाकलं, मागच्या तीन खोल्यांत त्या एकट्या. मग अंकितनं एका नव्या लाईनची टूम काढली.

तेव्हा वाशीमला इंटरनेट म्हणजे नुसता वैताग होता. एक फोटो उघडेपर्यंत माणूस आंघोळ करून यायचा. अंकित म्हणाला, इंटरनेट पाहिजेच कशाला? आयएसडीएन नावाची लाईन मिळते, ती दोन्ही घरी घ्यायची, आणि एका घरच्या कॉम्प्युटरनं दुसऱ्या घरच्या कॉम्प्युटरला थेट फोन लावायचा. चित्रही येतं, आवाजही येतो. वाशीममध्ये तोवर घरगुती अशी लाईन कुणी मागितलीच नव्हती. टेलिफोन ऑफिसचा लाइनमन देवमन वायर घेऊन आला तेव्हा त्यानं सगळ्यात आधी विचारलं, "काकू, बँक उघडून राह्यल्या काय घरात?"

काम सोपं गेलं नाही. साधा फोन ज्या वायरवर वर्षानुवर्षं बिनतक्रार बोलत होता, त्याच वायरवर ही लाईन टिकेना. लागायची आणि तुटायची. शेवटी गल्लीच्या तोंडाशी कडुलिंबाच्या फांदीत एक कुजलेला जोड सापडला. देवमननं खांबापासून घरापर्यंत वायर नवी ओढली, भिंतीवर पांढरा डबा ठोकला, आणि डब्यावरचा हिरवा दिवा लागून स्थिर झाला तेव्हा अंकितनं त्याला मिठीच मारली. डब्यातून एक वायर कॉम्प्युटरला गेली, एक साध्या फोनला. स्क्रीनच्या डोक्यावर लिंबाएवढा कॅमेरा बसला, पुढं बोलायचा माइक.

"मधात कोनीच नाही, आई," अंकित सांगत होता. "माहं मशीन तुह्या मशीनले फोन लावते, तुहं उचलते. माही खोली तुह्या खोलीले जोडल्यावानी. तुले काहीच कराचं नाही. बटन नाही का काही नाही. माह्या नंबरावरून फोन आला का आपोआप सुरू होते."

"अन् मले लावाचा असला तर?"

"तुले काहून लावा लागते? मी रोज लावतो ना."

आणि खरंच रोज लावायचा. लाईनच्या पोटात दोन वाटा असतात म्हणे. दोन्ही जुळल्या तर चित्र बरं यायचं, एकच मिळाली तर अंकित थांबून थांबून हलायचा. पहिल्या दिवशी तो दिसला तेव्हा अंगुरीबाईंनी पदर सारखा केला आणि विचारलं, "जेवला काय रे?" पुढची दोन वर्षं पहिला प्रश्न हाच राहिला. संध्याकाळी सूर्य बुडायच्या आत त्यांचं जेवण व्हायचं, मग त्या मशीनसमोर खुर्ची ओढून बसायच्या.

दुसऱ्या वर्षी होळीनंतर अंकितला ताप येऊ लागला. उतरायचा, परत यायचा. तपासण्या झाल्या आणि रक्ताचा कॅन्सर निघाला. त्याचं वय चौतीस.

अंगुरीबाई पुण्याला धावल्या. तिथं दवाखाना आणि दोन खोल्या, डॉक्टरांनी सांगितलेलं, घरात माणसं कमी ठेवा. त्या कोपऱ्यात बसून माळ ओढायच्या आणि अंकित त्यांच्या तोंडाकडं पाहून आणखी खचायचा. आषाढात जरा बरं वाटायला लागलं तेव्हा त्यानंच सांगितलं, "आई, तू जा वाशीमले. तू इथं अशी बसली का मले वाटते मी चाललोच. तिकडून पाह्यत जा मले, पह्यल्यासारखी."

त्या परत आल्या, आणि परत आल्या त्याच आठवड्यात त्यांनी व्रत घेतलं.

श्रावकाच्या व्रतांमध्ये एक हद्दीचं व्रत असतं. इतके दिवस मी इतक्याच जागेत राहीन, त्या बाहेरच्या जगाशी माझा व्यवहार नाही, असं बोलायचं आणि पाळायचं. अंगुरीबाईंनी चौमासाभराची हद्द बांधली, कार्तिकी पौर्णिमेपर्यंत, घराच्या उंबऱ्याच्या आत. वाण्याचं पोतं दारात यायचं, ते ठरलेलंच होतं. त्या स्वतः बाहेर पाऊल टाकणार नव्हत्या. मनातलं मागणं काय ते सांगायला नको.

असं व्रत महासतीजींसमोर, म्हणजे थोरल्या साध्वींसमोर, घ्यायचं. त्या चौमाशाला महासतीजी वाशीमच्या स्थानकातच होत्या, हाकेच्या अंतरावर. त्यांनी व्रत देताना आगार ठेवायला लावला असता. आगार म्हणजे सूट. आजारपण आलं, घरात मरण आलं, आग लागली, तर एवढी मोकळीक, असं आधीच बोलून ठेवायचं, म्हणजे व्रत मोडत नाही. ही रीत अडाणी नाही. माणसाच्या आयुष्यात काय काय येतं हे ओळखून बांधलेली आहे. पण अंगुरीबाईंना सूट नको होती. सूट ठेवली तर देणाराही सूट ठेवील, असं त्यांच्या डोक्यात. म्हणून त्या स्थानकात गेल्याच नाहीत. घरातच ईशान्येकडं तोंड करून उभ्या राहिल्या, हात जोडले, आणि एकट्यानं व्रत घेऊन मोकळ्या झाल्या.

अंकितला त्यांनी स्क्रीनवरून सांगितलं, "चौमासाभर मी उंबरा वलांडत नाही." तो हसला. "बरं झालं. मी कवाबी लावला तरी सापडशीन." रोजचं बोलणं सुरू राहिलं. खुर्ची घरात, मशीन घरात, त्या घरात. हद्द कुठं ओलांडली जात होती?

श्रावण गेला, भादवा गेला. अंकितच्या डोक्यावर बारीक केस परत उगवले. अंगुरीबाईंना वाटलं, लागू पडलं.

मग आश्विनात एका संध्याकाळी अंकित स्क्रीनवर आला तो मान खाली घालून. मागं नीलम उभी होती, तिचे डोळे सुजलेले. "आई, रिपोर्ट चांगले नाहीत," तीच म्हणाली. "परत आलं."

बोलणं संपल्यावर अंगुरीबाई आसन टाकून प्रतिक्रमणाला बसल्या. दिवसभरात काय काय चुकलं ते आठवून माफी मागण्याचा हा रोजचा पाठ. चाळीस वर्षं रोज म्हटलेला, तोंड आपसूक चालायचं. हद्दीच्या व्रताचे दोष आले. हद्दीबाहेरून काही मागवलं असेल, कुणाला धाडलं असेल, बाहेरच्याला आवाज दिला असेल, बाहेरच्याला आपलं रूप दाखवलं असेल, खडा टाकून खुणावलं असेल.

त्यांचं तोंड थांबलं. आवाज दिला असेल. रूप दाखवलं असेल. आणि त्या तर आषाढापासून रोज खुर्ची ओढून, पदर सारखा करून, नेमानं दोन्ही करत होत्या.

त्यांना जे वाटलं ते चूक होतं, हे मी इथंच सांगून टाकतो. आईच्या आवाजानं कुणाचं रक्त नासत नाही. पण त्या आसनावर एकट्या बसलेल्या बाईला हे सांगायला घरात कोण होतं? व्रत आपण मोडलं आणि भोगतो तो, असं त्यांनी धरलं. त्यांनी मशीनच्या मागं हात घातला, अंकितनंच एकदा दाखवलेली माइकची गुलाबी पिन उपटली. साध्या फोनची वायर काढली. मग सामायिकाला, ध्यानाला बसताना, तोंडाला बांधतात ती पांढरी मुहपत्ती उचलली आणि कॅमेऱ्यावर घट्ट बांधली. मशीन मात्र बंद केलं नाही. आवाज द्यायला मनाई होती, रूप दाखवायला मनाई होती. पाहायला मनाई कुठंच म्हटलेली नव्हती.

दुसऱ्या संध्याकाळी फोन आला, मशीननं आपोआप उचलला. अंकित दिसला. त्याच्या स्क्रीनवर मात्र नुसता अंधार.

"आई? आई, दिसून नाही राह्यलं. बोल ना."

अंगुरीबाई खुर्चीत बसून होत्या, दोन्ही हात मांडीवर. त्यानं बंद केलं, परत लावलं. परत बंद केलं, परत लावलं. व्रतातल्या या दोषाचं त्याला कळवावं तर कळवणं म्हणजेच आवाज देणं. कुणाकडून निरोप धाडावा तर तो पुढचाच दोष. त्यांनी सगळ्या बाजूंनी विचार करून पाहिला आणि सगळीकडून दार बंद सापडलं. ही दारं त्यांनीच लावली होती.

नीलमनं घाबरून टेलिफोन ऑफिसला फोन केला, काकू ठीक आहेत का पाहून या म्हणाली. देवमन आला. त्यानं डबा पाहिला, वायर पाहिली, मग त्याची नजर कॅमेऱ्यावरच्या फडक्यावर गेली.

"काकू, हे काय होय?"

घरात आलेल्या माणसाशी बोलायला हरकत नव्हती. त्यांनी सगळं सांगितलं. देवमन भिंतीला टेकून उभ्या उभ्या ऐकत राहिला.

"मंग मी सांगतो ना तिकडं. तुमी नका बोलू."

"तू सांगतलं म्हंजे म्याच धाडलं, देवमन."

"अवो पन काकू, पोरगा बिमार हाये. तो काय समजंन?"

"अन् तुह्या एका शब्दानं माहा पोरगा गेला तर? घेतं तू अंगावर?"

 देवमनच्याही घरी दोन लेकरं होती. त्यानं बाहेर जाऊन नीलमला कळवलं, काकू मजेत आहेत, लाईनही बरी आहे, मशीनमध्येच काहीतरी बिघडलं असेल. तिथून पुढं तो गल्लीतून जाताना सायकल अलीकडून वळवायचा.

आणि मशीनमध्ये बिघाड आहे म्हटल्यावर अंकित कामाला लागला. हेच तर त्याचं काम होतं. उशीला टेकून राहणारा, कुशीवर वळायला नीलमचा हात लागणारा माणूस रोज दुपारपासून कॉम्प्युटरपुढं बसू लागला. एका वाटेवर लावून पाहायचा, मग दोन वाटांवर. काहीतरी पुसायचा, नव्यानं टाकायचा, परत फोन लावायचा. फोन लागायचा, हेच त्याला कोडं. लाईन जुळते, पलीकडचं मशीन उचलतं, आणि आत कोणी नाही. नीलम मागून म्हणायची, "अंकित, राहू दे, झोप जरा." तो म्हणायचा, "झालंच. सापडते आता."

अंगुरीबाई समोर बसून हे सगळं पाहायच्या. त्याच्या हाताला सुयांचे काळे डाग पडले होते. नाकातून रक्त आलं की तो बाहीनं पुसायचा आणि टाइप करत राहायचा. त्या पदर तोंडात कोंबून बसायच्या, कारण माइक काढलेला असला तरी रडण्याचा आवाज जाईल अशी त्यांना भीती वाटायची.

मधल्या काळात महासतीजी गोचरीला, भिक्षेला, त्यांच्या दारी आल्या. अंगुरीबाईंनी पोळी-भाजी वाढली, वंदना केली, आणि मशीनच्या खोलीचं दार ओढून घेतलं. महासतीजींनी चेहऱ्याकडं पाहून विचारलंसुद्धा, "सातेत ना बाई?" म्हणजे सुखात ना. अंगुरीबाईंनी विचारायचं होतं ते त्याच क्षणी. एका वाक्यात उत्तर मिळालं असतं. अंगुरीबाई म्हणाल्या, "साता आहे." मला या जागी त्यांचा राग येतो. अजून येतो. पण उत्तर काय मिळेल ते त्यांना ठाऊक असावं, आणि सूट मिळाली तर पोरगा जाईल हे भय त्याहून मोठं असावं.

दिवाळी झाली. पौर्णिमा आता दूर नव्हती. त्या संध्याकाळी अंकित स्क्रीनवर आला तो उशीला टेकून, चेहरा पिवळा पडलेला. त्यानं आज काही पुसलं नाही, काही टाकलं नाही. थेट अंधाराशी बोलू लागला.

"आई, मले वाटते तुले मी दिसत असंन. ऐकूबी येत असंन. मशीन उचलते म्हंजे तू पाहूनच राह्यली असशीन. मी सांगतो तसं कर. घाई नाही. मशीनच्या मांगं हात घाल. तिथं तीन भोकं हायेत. एक गुलाबी हाये. कदाचित झाडता झाडता पिन निंगाली असंन, तुही काही चूक नाही. कॅमेऱ्यावर काही पडलं असंन तर तेबी काढ. ते गुलाबी पिन पाह्य, अन् गुलाबी भोकात घाल. घातली का?"

तो थांबला. वाट पाहिली.

"नसंन सापडत तर खाली वाकून पाह्य. सावकाश. मी थांबतो."

गुलाबी पिन अंगुरीबाईंच्या मांडीवर होती. गेले कित्येक दिवस ती रोज संध्याकाळी त्यांच्या हातातच असायची.

"घातली काय, आई?" अंकितनं परत विचारलं, आणि त्याची मान एका बाजूला कलंडली. नीलम धावली. त्यानं हातानंच तिला थांबवलं, मान उचलली, परत अंधाराकडं पाहू लागला.

अंगुरीबाईंनी पिन घातली. मुहपत्तीची गाठ सुटेना, तेव्हा दातानं तोडली.

"जेवला काय रे?" त्या म्हणाल्या.

पलीकडं अंकितचं तोंड उघडंच राहिलं. मग तो हसला. "नीलम! ये, ये लवकर, पाह्य! जमलं! म्हनलं होतं ना पिनच असंन? म्हनलं होतं ना?" नीलम त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागली. तो रडत नव्हता, तो खूश होता. "आई, किती दिवस खपलो मी, तुले माहीत नाही. शेवटी पकडलीच."

"पकडली रे बापू," अंगुरीबाई म्हणाल्या.

उजाडताच त्यांनी उंबरा ओलांडला आणि पुण्याची गाडी धरली. त्या पोचल्या तोवर अंकितला दवाखान्यात हलवलं होतं, तोंडात नळी होती. तो परत बोलला नाही. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी तो गेला.

बसायला आलेल्या प्रत्येकाला नीलम तेच सांगत होती. शेवटच्या शुद्धीत त्यानं आईची लाईन दुरुस्त केली. जाता जाता जमवलंच त्यानं. ऐकणारे हळहळायचे, अंगुरीबाईंकडं पाहून म्हणायचे, काय गुणाचं लेकरू. अंगुरीबाई जमिनीकडं पाहत ऐकून घ्यायच्या. पाहुणे पांगल्यावर एका दुपारी नीलमनं सहज विचारलं, "आई, तिकडं पिन खरंच निघाली होती का हो?"

इथं त्या हो म्हणू शकत होत्या. एक शब्द होता, आणि सगळ्यांना बरं वाटलं असतं. पण त्या खोटं बोलणाऱ्या नव्हत्या. त्यांनी सांगितलं.

 नीलम उठून आत गेली. अंगुरीबाईंची पिशवी भरून तिनं दाराशी आणून ठेवली.

वाशीमला परतल्यावर त्या महासतीजींकडं गेल्या. चौमासा संपून विहाराची, पुढच्या गावी पायी निघायची, तयारी चालली होती. सगळं ऐकून महासतीजी खाली बसल्या. "आजारपणाचा आगार तर न मागता देतात, बाई," त्या म्हणाल्या. "माझ्याकडं का नाही आलात?" अंगुरीबाईंनी प्रायश्चित्त मागितलं. व्रत मोडल्याचं मागितलं की पाळल्याचं, ते त्यांना स्वतःलाच नीट सांगता येईना.

देवमन पांढरा डबा काढून न्यायला आला तेव्हा त्यांनी काढू दिला नाही. त्यानंही आग्रह केला नाही. साध्या फोनची वायर तेवढी परत जोडून दिली.

पुढच्या संवत्सरीला, जेव्हा लहानथोर सगळे एकमेकांना खमतखामणा करतात, वर्षभराच्या चुकांची माफी मागतात, अंगुरीबाई आधी गल्लीत घरोघर जाऊन आल्या. मग घरी येऊन फोनजवळ बसल्या आणि पुण्याचा नंबर फिरवला. पलीकडं उचलला गेला.

"नीलम," त्या म्हणाल्या. "मी बोलून राह्यली. वाशीमहून."

 मागं कुठंतरी कुकरची शिट्टी झाली, कुणीतरी पाण्याचा नळ बंद केला. नीलम तिथं होती.

"खमतखामणा, बाई. माह्यानं जे झालं..."

त्या बोलत राहिल्या, मग थांबल्या, आणि रिसीव्हर कानाला लावून बसून राहिल्या. पलीकडून कुणी बोललं नाही, आणि फोन ठेवलाही नाही.